मदत हवी आहे: हॉरर शॉर्टफिल्मची सुरुवात जमंना

भावांनो, आम्ही चौघं शुक्रवार पेठेतल्या जुन्या वाड्यात हॉरर शॉर्टफिल्म करालोय, पण पहिली ३ मिनिटं बघून आज्जी म्हणाली, पोरगी जेवली का रे? भीतीचा पत्ताच नाही. सीन असा की पोरगी रात्री दुधाचं पातेलं झाकते, कडी लावते, परत येते तर पातेलं उघडं. १९७५च्या ‘जॉज’मध्ये सुरुवातीला शार्क दिसतच नाही, नुसती पोहणारी पोरगी ओढली जाते आणि तरी घाम फुटतो, म्हणून आम्ही पण काय दाखवलं नाही, पण इथं नुसतं पातेलंच दिसतंय राव. मला वाटतंय पोरगी कोण तेच कळंना म्हणून तिची काळजी वाटत नाही, आणि ओळख करून द्यायला गेलं की सीन रटाळ होतोय. आधी तिला आईशी फोनवर खोटं बोलताना दाखवू का? आणि म्युझिक काढून नुसता नळाचा ठिबक ठेवला तर? एडिटिंग येणारं कोण रंकाळ्याकडं असलं तर सांगा, मिसळ आमच्याकडनं.