मदत हवी आहे: सातभाईच्या चिठ्ठीवर कोणतं नाव लिहू?

मंडळी, आमच्या प्राणिशास्त्र विभागातल्या पक्ष्यांच्या कपाटातल्या चिठ्ठ्या नव्याने लिहायच्या आहेत. जुन्या चिठ्ठ्या सलीम अली आणि रिप्ली यांच्या पक्ष्यांवरच्या हँडबुकप्रमाणे आहेत. म्हणजे सातभाई, शिंपी, दयाळ, कस्तूर, माशीमार सगळे एकाच मस्किकॅपिडी कुलात, फक्त उपकुलं वेगळी. डीएनएच्या अभ्यासांनी हे एकत्र कुटुंब पार फोडलं. दयाळ कस्तुरांकडून माशीमारांकडे गेला, शिंपी सिस्टिकोलिडीत, सातभाई लिओथ्रिकिडीत. इथवर ठीक.

गाडी अडलीय सातभाईच्या नावावर. पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर टर्डॉइडीस ही प्रजाती (जीनस) आहे. 2018 च्या अभ्यासानंतर तो आर्ग्या स्ट्रायाटा झाला. आफ्रिकेतले बरेच भाऊबंद मात्र टर्डॉइडीसमध्येच राहिले. दिसायला तर सगळे तसेच, मातकट, विस्कटलेले, कायम भांडायच्या तयारीत! मग ही वाटणी नेमकी कशावरून झाली, कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

आणि जुनं नाव कंसात ठेवू का? मुलं प्रॅक्टिकलला जुन्याच पुस्तकातून पाठ करून येतात, त्यामुळे मला तरी ठेवावंसं वाटतं. तुमच्या कॉलेजात पक्ष्यांच्या शास्त्रीय नावांची कोणती सूची धरता, तेही कळवा. छपाईला पुढच्या आठवड्यात द्यायचंय.