जुनी मॉरिस चढावर तापते, कितीही फ्लश केलं तरी पाणी पुन्हा तांबडं

चाकवेडा
मंडळी जरा मदत हवीये. 1959 ची मॉरिस मायनर आहे, 948 सीसी, काकांची गाडी. अकरा वर्षं शेडमध्ये उभी होती, मागच्या वर्षी मी चालू केली. सपाट रस्त्याला अगदी गुणी चालते पण चढ लागला की दहा मिनिटांत टोपणातून वाफ (मूळ गाडीला तापमानाचा काटा नाही, मी वेगळा बसवलाय, तो चढावर 100 च्या पुढे जातो). रेडिएटरच्या तोंडात पाइप घालून, खालचा नळ उघडून अर्धा तास पाणी सोडलं, स्वच्छ पाणी यायला लागल्यावर बंद केलं, आणि दोन दिवसांनी बघतो तर परत गेरूसारखं तांबडं! असं तीनदा झालं. एक मेस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट (पाणी ठराविक तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेकून दे, दुसरा म्हणतो स्टॉप लीकची (गळती आतून बुजवणाऱ्या औषधाची) बाटली ओत, कारण एका वेल्श प्लगपाशी (इंजिनाच्या भोकात ठोकून बसवलेली पत्र्याची चकती) ओल पण दिसतेय. तिसऱ्याने ॲसिड सांगितलं. गाडी काकांची म्हणून जीव आहे तिच्यावर, उगाच काहीतरी ओतून वाट लावायची नाहीये. काय करू?

लोखंडी_ब्लॉक
भाऊ तू तीन वेळा फक्त रेडिएटर धुतलायस, इंजिन धुतलंच नाहीस. थंड इंजिनात थर्मोस्टॅट बंद असतो. तू वरून सोडलेलं पाणी रेडिएटरमधून सरळ खाली येतं आणि नळातून निघून जातं, ब्लॉकमधे (इंजिनाच्या ओतीव धडात) काही शिरत नाही. म्हणून ते इतक्या लवकर स्वच्छ दिसतं, आणि इंजिन चालू केलं की आतला गंज परत फिरायला लागतो.

ब्लॉकला मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरजवळ वेगळा ड्रेन नळ आहे. तो उघड. माझी पैज, थेंबही येणार नाही. इंजिनातला सगळा गंज जड असतो आणि पाण्याचा जोर मागे सगळ्यात कमी म्हणून तो तिथेच बसतो, वर्षानुवर्षं थर साचून घट्ट होतो, आणि शेवटचा सिलिंडर नुसत्या मातीत उभा असल्यासारखा तापतो. नळ पूर्ण काढून त्या भोकात जाड तार घालून खरवड, जेवढं निघेल तेवढं काढ.

मग थर्मोस्टॅट बाहेर, दोन्ही मोठे होज (रबरी पाइप) सोड, आणि वरच्या बाजूने पाणी सोडून खालून काढ, म्हणजे पाणी रोजच्या उलट दिशेला जाईल. हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा ठेव, नाहीतर तिथला गाळ तसाच राहतो. रेडिएटर गाडीवरून उतरव, उलटा धर आणि खालच्या तोंडातून पाणी दे, पण जोर कमी ठेव, साठ पासष्ट वर्षांचे सांधे आहेत ते. इंजिन गरम असताना थंड पाणी मात्र चुकूनही ओतू नकोस, ओतीव लोखंड तडकतं.

नळीपाना
वरच्यांशी सहमत. त्या ओल्या वेल्श प्लगबद्दल बोलतो, कारण ती खरं तर तुझ्यासाठी चांगली बातमी आहे. तो प्लग बदलायचाच आहे ना, मग आधी तो काढ आणि त्या भोकातून आत हात घाल. ड्रेनच्या भोकातून तार जाते, इथून चमचा जातो! ही भोकं मुळात ब्लॉक ओतताना आतली वाळू काढायला ठेवलेली असतात, म्हणजे ज्या कामासाठी ती केली तेच काम तू परत करतोयस. प्लगच्या मधे भोक पाडून तिरकं उचकट, पण पंच आत लांब जाऊ देऊ नकोस, लगेच मागे सिलिंडरची भिंत आहे. नवा बसवताना बैठक पॉलिश पेपरने चकचकीत कर, कडेला सीलर लाव, फुगीर बाजू बाहेर ठेव आणि मधोमध बोथट जाड पंच धरून एक नीट ठोका, फुगवटा सपाट झाला की कडा पसरून घट्ट बसते. जास्त ठोकून आत खड्डा पाडलास तर कडा परत आत येते आणि गळायला लागतं. (हे बशीसारख्या प्लगचं सांगतोय, वाटीसारखे वेगळे बसवतात.)

स्टॉप लीक अजिबात नको. ते गळती कुठली आणि रेडिएटरची बारीक नळी कुठली हे ओळखत नाही. थर्मोस्टॅट पण काढून फिरू नकोस, इंजिन नेहमी थंड चालतं, झीज वाढते, तेलात पाणी धरतं. तपासायचा सोपा मार्ग म्हणजे पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोरीला लटकवून आणि सोबत थर्मामीटर. त्याच्यावर 82 लिहिलंय तर साधारण तिथेच उघडायला सुरुवात झाली पाहिजे. नाही झाली तर नवा.

चाकवेडा
बापरे, थंड इंजिनात थर्मोस्टॅट बंद असतो हे डोक्यातच आलं नव्हतं. मग ॲसिडचं काय?

लोखंडी_ब्लॉक
माती हाताने काढून झाल्यावर, त्याआधी नाही. आधी टाकलं तर सुटलेले पापुद्रे जाऊन रेडिएटरच्या नळ्यांत अडकतात. मी लिंबूसत्व वापरतो, लिटरला 50 ग्रॅम, इंजिन गरम होऊ द्यायचं आणि अर्धा तास चालवून लगेच काढायचं. मग खायच्या सोड्याचं पाणी एकदा, मग साधं पाणी तीन चार वेळा.

तांब्याची_जाळी
माझं मत थोडं वेगळं आहे. ब्लॉकला ॲसिड ठीक, पण रेडिएटर त्यातून वगळा. जुन्या रेडिएटरच्या नळ्या पितळेच्या, सांधे शिशाच्या सोल्डरचे, आणि कितीतरी ठिकाणी गळती फक्त क्षारांच्या थरानेच थांबलेली असते. थर गेला की दहा ठिकाणी थेंब. माझ्या गाडीचा असाच गेला, फार वाईट वाटलं. रेडिएटर रिपेअरवाल्याकडून वरची टाकी उघडून नळ्यांतून सळ्या फिरवून घेतलेलं बरं. आधी चाचणी करा, खालचं तोंड हाताने दाबून रेडिएटर काठोकाठ भरा आणि हात काढा. पाणी भसकन पडलं पाहिजे, धार धरून पडलं तर नळ्या बंद आहेत.

आणि शेवटी नळाचं पाणी भरू नका, डिस्टिल्ड पाणी आणि जुन्या प्रकारचा इथिलिन ग्लायकोल कूलंट निम्मे निम्मे, दर दोन वर्षांनी बदलायचा. नवीन ओएटी (सेंद्रिय ॲसिडवाले) कूलंट जुन्या सोल्डरला आणि गॅस्केटला मानवत नाहीत असा माझा अनुभव आहे. जुना कूलंट उघड्यावर ओतू नका, चव गोड असते, कुत्री मांजरं पितात आणि मरतात.

साइडव्हॉल्व्ह
माझ्याकडे 1948 ची प्लिमथ आहे, हाच त्रास. सगळं धुतलं तरी मागचे दोन सिलिंडर तापतात. काय असेल?

नळीपाना
दादा तुमचं प्रकरण वेगळं. त्या सहा सिलिंडरच्या साइड व्हॉल्व्ह इंजिनात (व्हॉल्व्ह ब्लॉकमधेच, सिलिंडरच्या बाजूला असतात) वॉटर पंपाच्या मागून ब्लॉकच्या आत एक लांब चपटी नळी जाते, ती प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी पाणी पोचवते. ती गंजून गेली की सगळं पाणी पुढेच राहतं. पंप काढून बघा, बहुतेक तुकड्या तुकड्यांनी बाहेर येईल. रेडिएटर काढल्याशिवाय जागा मिळत नाही.

चाकवेडा
तीन आठवड्यांनी लिहितोय. ब्लॉकचा नळ उघडला, खरंच थेंब नाही! वेल्श प्लग काढला तर मागे गाळाची अख्खी भिंत, ओल्या विटेसारखी. दोन संध्याकाळी चमचा, तार आणि पाइप घेऊन बसलो, डबाभर माती निघाली. मग ब्लॉकला लिंबूसत्व, रेडिएटरला सळ्या. थर्मोस्टॅट 95 ला पण उघडत नव्हता, नवा घातला. काल तोच चढ तिसऱ्या गियरमधे चढलो, काटा 85 वर. काका शेजारी बसले होते, काट्याकडेच बघत होते सगळा वेळ. आता फक्त पंपाच्या खालच्या भोकातून थेंब येतोय.

लोखंडी_ब्लॉक
मस्त रे! त्या भोकातून थेंब म्हणजे पंपाचं सील गेलं. ते भोक बुजवू मात्र नकोस, नाहीतर पाणी बेअरिंगमधे जाईल. पंखा हाताने हलवून बघ, खडखड असेल तर पंपच बदल. आणि वरच्या होजच्या तोंडाशी, रेडिएटरच्या बाजूला, जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा क्लिपखाली अडकवून ठेव, राहिलेला गंज त्यात सापडेल. पहिले काही दिवस दर 50 किलोमीटरला उघडून धू.