कॉलेजात असताना बर्गर-पिझ्झाच्या दुकानात कामासाठी अर्ज केलेला का कुणी? आपापले अनुभव सांगा

भुदरगडचा_मामा
काल भाची आली, कॉलेजचं पहिलं वर्ष. कोल्हापुरात राजारामपुरीत एका बर्गरच्या दुकानाच्या दारावर 'मुलं-मुली पाहिजेत' असा कागद लावलाय म्हणे. फॉर्म पुढं ठेवला आणि विचारलं, मामा, पूर्वानुभवाच्या रकान्यात काय लिहू? तिथंच मला २०११ चा जून आठवला.

मी गारगोटीकडनं शिकायला आलेलो, खोलीभाडं आणि मेसचे पैसे दोन्ही थकलेले. पिझ्झाच्या दुकानात मुलाखतीला गेलो, शर्ट रूममेटचा. तिथल्या सरांनी विचारलं, पिझ्झा खाल्लायस का कधी? म्हटलं, न्हाई सर, पण आमच्या आईची खानावळ हाय, सुट्टीत दिवसाला शंभरेक भाकरी थापून देतो तिला. ते बराच वेळ माझ्या हाताकडं बघत बसले आणि म्हणाले, पीठ कळतंय म्हणजे तुला, सोमवारपासनं ये. पहिल्या पगारात एक पिझ्झा बांधून एसटीनं गावी नेला, पोचेपर्यंत पार गार. आज्जीनं तव्यावर गरम करून वर लसणाची चटणी घातली आणि सगळ्यांनी एकेक तुकडा खाल्ला. ती चव अजून तोंडात हाय.

तुमचं सांगा.

चुलीपुढची
आज्जीचं वाचून डोळ्यात पाणी आलं बघा. कुकर लावलाय, शिट्टी झाली की उठते. आमच्या लेकानं गुपचूप अर्ज केलता, मला कळलं ते मेडिकलला डॉक्टरकडं जायचं म्हणून पैसे मागितले तेव्हा. मी रागावले, लोक काय म्हणतील म्हणून. आता वाटतं उगाच रागावले, पोरगं घरात ताट उचलून ठेवायला शिकलं ते तिथंच

नववी_गल्ली
मेडिकल कशाला असतंय पण?

शिफ्टवाला
@नववी_गल्ली अन्न हाताळणाऱ्या माणसाला फिटनेस सर्टिफिकेट लागतंच, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) नियम हाय, दरवर्षी तपासणी आणि टायफॉइडची लस.
मामा, मी आठ वर्षं पोरं निवडतोय म्हणून भाचीसाठी मनापासनं सांगतो. अनुभवाचा रकाना कोरा सोडायचा न्हाई. गणपतीत मंडळाच्या महाप्रसादाला वाढलं असंल, घरच्या दुकानात गल्ल्यावर बसली असंल तर तेच लिहायचं, आम्ही ते वाचतो. मुलाखतीत आमचे खरे प्रश्न दोनच असतात, शनिवार-रविवार संध्याकाळी येणार का आणि परीक्षा कधी हाय. परीक्षेच्या तारखा पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यायच्या, लपवून मग ऐनवेळी सुट्टी मागितली की शिफ्टचा सगळा घोळ होतो आणि त्या पोराचंच नाव खराब होतंय. नखं कापून जा म्हणावं, अंगठी-बांगडी काढून. आधार, बँक पासबुक, मार्कलिस्टची झेरॉक्स, दोन फोटो. आणि पीएफ कापतात का ते विचारायला लाजायचं न्हाई, मूळ पगाराच्या १२ टक्के तुमचे जातात तसे मालकालाही घालावे लागतात.

होस्टेल_गेट
माझं वेगळं झालं. मुलाखत चांगली झाली, हिशोब तोंडी विचारला तोही बरोबर आला, आणि शेवटी म्हणाले क्लोजिंगला मुली नकोत, रात्री अकरा वाजतात, जबाबदारी कोण घेणार. मी म्हटलं मग सकाळची शिफ्ट द्या. फोन करतो म्हणाले. तो फोन आलाच नाही आणि मी महिनाभर मोबाइल उशाशी घेऊन झोपायचे. नाही तर नाही, पण तसं सांगायला पाहिजे होतं. अजून राग येतो.

चुलीपुढची
@होस्टेल_गेट बाळा, त्यांचंच नुकसान झालं. आता काय करतेस?

होस्टेल_गेट
बँकेत आहे काकू, काउंटरलाच 🙂

कटवाला_भावा
बर्गर काय घेऊन बसलाय, आपलं फास्ट फूड म्हणजे मिसळ. मी अकरावी-बारावी मिसळीच्या गाड्यावर काढली, अर्ज न्हाई फिर्ज न्हाई, मालक म्हणाले उद्या सहाला ये. कट वाढताना हात हलला न्हाई पायजे, एवढीच परीक्षा

नववी_गल्ली
ब्रेड का पाव?

कटवाला_भावा
भावा, कोल्हापुरात हाईस न्हवं? ब्रेडच.

सागरमाळ
मी जरा जुन्या पिढीतला. आमच्या वेळी अशी दुकानंच नव्हती, विद्यापीठात 'कमवा आणि शिका'तनं शिकलो. काम करून शिकणाऱ्या पोराला या गावात कुणी हलकं समजत नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं ते खेड्यातल्या पोरांची राहण्याजेवणाची सोय व्हावी म्हणूनच. कर्मवीर भाऊराव तर आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे, त्यांनी श्रमाला शिक्षणात जागा दिली. चुलीपुढच्या ताई, लोकांचं मनावर घेऊ नका.

चुलीपुढची
नाही घेत दादा आता. आमटी उतू गेली तेवढी वाचता वाचता

भुदरगडचा_मामा
@शिफ्टवाला लई उपकार. तिनं रकान्यात लिहिलं: 'आज्जीच्या शिवणक्लासची फी गोळा करणे व वहीत मांडणे, ३ वर्षे.' मला तर काय सुचलंच नसतं. उद्या दहाला बोलावलंय.

शिफ्टवाला
झकास लिवलंय. पावणेदहालाच पोचू दे, आणि नाश्ता करून जाऊ दे, कधीकधी लगेच तासभर उभं करून काम बघतात.