गेटवरची केबिन आणि रॉकेलचा हिटर

अविनाश (ए-२०२, सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. दोन दिवसांपासून पहाटे चांगलाच गारठा पडतोय. सी-३०६ च्या नीलिमाताईंनी त्यांचा जपानी बनावटीचा रॉकेलचा हिटर सोसायटीला दिलाय. मागच्या पट्टीवर आकडे आहेत: २.५ किलोवॅट, ताशी पाव लिटर, टाकी साडेचार लिटर. रात्रपाळीच्या दोघांसाठी तो गेटच्या केबिनमध्ये ठेवावा असं कमिटीत बोलणं झालं. उद्यापासून लावायचाय. यातलं कळणाऱ्यांनी आजच सांगा.

शरदकाका (बी-५०४): अविनाश, केबिनमध्ये लावू नकोस. "जरा वेळ" म्हणूनसुद्धा नको.

हिशोब बघ. केबिन ६ बाय ६, उंची ८ फूट, म्हणजे आत साधारण ८ घनमीटर हवा. एक लिटर रॉकेल पुरतं जळायला सुमारे १० घनमीटर हवेतला सगळा प्राणवायू लागतो. पाव लिटरला अडीच घनमीटर. दार-खिडकी लावून बसलं तर तासाभरात केबिनमधला जवळजवळ एक-तृतीयांश प्राणवायू गेला. कार्बन डायऑक्साइड चढतो ४ टक्क्यांवर, बाहेरच्या हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असतो. फटींतून थोडी हवा येईल, पण थंडीत माणूस आधी त्या फटीच बुजवतो. आणि प्राणवायू कमी झाला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड सुटायला लागतो. त्याला वास नाही, रंग नाही.

वैशाली (बी-१०२): मग कोळशाची शेगडी ठेवली तर? गावाकडे सगळे ठेवतात.

शरदकाका (बी-५०४): शेगडी तर त्याहून वाईट, वैशाली. निखारे लाल दिसतात, धूर नसतो, म्हणून निर्धोक वाटतात. पण विझत आलेला कोळसाच सगळ्यात जास्त मोनॉक्साइड सोडतो. शेगडी अंगणात, उघड्यावर. बंद खोलीत कधीच नाही.

डॉ. मेघना (सी-१०१): काकांचं अगदी बरोबर. मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, हातापायातलं बळ जातं. माणसाला वाटतं जागरण झालंय किंवा पित्त झालंय, आणि तो आडवा होतो. तिथेच घात होतो.

आणखी एक. आपल्या सगळ्यांच्या घरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहेत. या विषबाधेत ते ९८-९९ दाखवतात, कारण मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्या यंत्राला प्राणवायूवालंच वाटतं. त्या आकड्यावर अजिबात विसंबू नका. शंका आली की माणसाला उघड्यावर आणा, हिटर बंद करा, १०८ ला फोन लावा. साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात होतो. म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचंच.

अविनाश (ए-२०२, सेक्रेटरी): बापरे. हे कमिटीत कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पण पोरं रात्रभर कुडकुडतात, त्यांच्यासाठी काहीतरी करायलाच हवं.

इरफान (ए-७०३): केबिनला तेल भरलेला इलेक्ट्रिक रेडिएटर घ्या, १००० ते १५०० वॅटचा. आत काही जळत नाही, त्यामुळे हवा बिघडत नाही, दार लावून बसता येतं. दोन अटी. एक, केबिनमध्ये आत्ता ६ अँपिअरचाच सॉकेट आहे, त्यावर मोबाइलचे चार्जर आणि सीसीटीव्हीचा बॉक्स लटकलाय. १५०० वॅटला साडेसहा अँपिअर लागतात. १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट, अर्थिंगसकट, थेट बोर्डापासून ओढून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही. दोन, आत पार्सलांचे खोके छतापर्यंत रचलेले असतात. ते हिटरपासून तीन फूट लांब ठेवा, आणि रेडिएटरवर ओला रेनकोट किंवा मफलर वाळत घालायचा नाही.

नीलिमाताई (सी-३०६): माझी काही हरकत नाही. हिटर क्लबहाउसमध्ये वापरा, पहाटे सहाच्या योगवर्गाला. सगळे साठीच्या पुढचे आहेत, फरशीवर बसतात.

शरदकाका (बी-५०४): ते चालेल. हॉल ३० बाय ४०, उंची ११ फूट, म्हणजे पावणेचारशे घनमीटर. तिथे पाव लिटर जळून तासाला ०.०९ टक्के कार्बन डायऑक्साइड वाढेल. तरीही समोरासमोरच्या दोन खिडक्या इंचभर उघड्या ठेवायच्या. एकच खिडकी उघडली तर हवा वाहत नाही.

घरी लावायचा विचार कोणी करत असेल तर १० बाय १२ च्या खोलीत हाच आकडा तासाला १ टक्का होतो. तिथे खिडकी फटभर उघडी हवीच, शिवाय दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं सताड उघडायची. झोपायच्या आधी हिटर बंद.

मंदार (ए-४०१): हॉलच्या भिंतींना ओल येईल का? नुकताच रंग दिलाय.

शरदकाका (बी-५०४): एक लिटर रॉकेल जळलं की लिटरभराहून थोडं जास्तच पाणी वाफ होऊन हवेत जातं. दीड तासाच्या वर्गाला साधारण दोन पेले, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये काही होत नाही. बंद बेडरूममध्ये मात्र रोज लावला तर कपाटामागे बुरशी धरेल.

अविनाश (ए-२०२, सेक्रेटरी): रॉकेल कुठलं आणायचं? पार्किंगमधल्या स्टोअररूममध्ये निळं रॉकेल पडलंय, दोन वर्षांपूर्वीचं.

नीलिमाताई (सी-३०६): ते नको. निळं म्हणजे रेशनचं. ते शिधापत्रिकेवर स्वयंपाकासाठी आणि दिव्यासाठी देतात. शिवाय जुनं आहे. उन्हात, प्लास्टिकच्या कॅनमध्ये दोन उन्हाळे काढलेलं रॉकेल पिवळट होतं आणि त्याचा डिंकासारखा थर वातीवर बसतो. ताजं पांढरं रॉकेल आणा, या हिवाळ्यापुरतंच, एका वेळी ५ लिटर.

आणलं की पारदर्शक काचेच्या बाटलीत थोडं घेऊन शेजारी पाण्याची बाटली ठेवून बघा. दोन्ही सारखीच नितळ दिसायला हवीत. तासभर हलवू नका. पाणी असेल तर तळाशी वेगळा थेंब जमतो. तसं रॉकेल वापरायचं नाही, कारण वात पाणी शोषते, तेवढा भाग जळत नाही आणि ज्योत एका बाजूने तडतडते.

शरदकाका (बी-५०४): यात गंधकाचाही मुद्दा आहे. हा हिटर ज्या जपानी रॉकेलसाठी बनलाय त्यात गंधक जास्तीत जास्त ०.००८ टक्के असतं. आपल्या भारतीय मानकात ०.२५ टक्क्यांपर्यंत चालतं. म्हणजे तीसपट. तो झोंबणारा वास त्याचाच, गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. वर्गात दम्याचे दोघं आहेत, त्यांना हिटरजवळ बसवू नका. त्यांना खोकला सुरू झाला तर हिटर बंद, वर्ग संपायची वाट बघायची नाही.

इरफान (ए-७०३): कॅनबद्दल मी आग्रहाने सांगतो. रॉकेल भारतीय मानकाप्रमाणे ३५ अंशांच्या खाली ठिणगीने भडकेल इतकी वाफ सोडत नाही. पेट्रोल उणे ४० अंशांनाही सोडतं. बाइकमधून काढलेलं पेट्रोल ज्या कॅनमध्ये एकदा ठेवलं, त्यात रॉकेल भरायचं नाही. तळाशी उरलेलं वाटीभर पेट्रोलसुद्धा सगळं रॉकेल बिघडवतं. हिटरची टाकी गरम होते, वाफ सुटते आणि ज्योत खाली टाकीपर्यंत येते. मग वातीचा लिव्हर खाली केला तरी विझत नाही. टर्पेंटाइन, थिनर यांचंही तेच. नवा कॅन घ्या, त्यावर मोठ्या अक्षरांत "रॉकेल" लिहा.

डॉ. मेघना (सी-१०१): आणि पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर मुळीच नाही. लहान मूल प्यायलं तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. उलटीसोबत रॉकेल फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. कपड्यांवर सांडलं असेल तर कपडे काढा, अंग साबणाने धुवा, थेट दवाखाना.

वैशाली (बी-१०२): वर्गाला हिटर मीच लावणार असं ठरतंय. नीलिमाताई, पहिल्यापासून सांगाल का? मला फक्त स्टोव्हच्या वाती माहीत आहेत.

नीलिमाताई (सी-३०६): सांगते. रॉकेल आदल्या दिवशी संध्याकाळी भरायचं, हॉलबाहेर ओट्यावर, हिटर पूर्ण गार असताना. जळत्या किंवा गरम हिटरमध्ये कधीच नाही. टाकी वर उचलून निघते. झाकण खाली येईल असं उलटं बसतं, म्हणून ते घट्ट लागलंय ना हे बघायचं: टाकी उलटी धरून जुन्या वर्तमानपत्रावर दहा सेकंद थांब, डाग पडला नाही पाहिजे. भरायला लाल फुग्याचा हातपंप आहे. काट्याच्या खुणेच्या थोडं खालीच थांबायचं. पंपाच्या डोक्यावरची चकती सैल केली की धार लगेच थांबते. गळ्यापर्यंत भरू नको. रॉकेल गरम झालं की फुगतं.

वात नवी किंवा पूर्ण कोरडी असेल तर टाकी बसवून अर्धा तास थांब, वात भिजू दे. न भिजता पेटवली तर तिचं टोक करपतं आणि मग कायमच वास येतो.

सकाळी हिटर सपाट फरशीवर, सतरंजीवर नाही. पडदे, चटया, खुर्च्या तीन फूट लांब. दारासमोर नको, वाऱ्याने ज्योत वाकडी होते. वात पूर्ण वर घे, पेटवायचा खटका दाब. सेल उतरले असतील तर लांब काडीने पेटव. पेटलं की आतली जाळीची नळी, म्हणजे बर्नर, तिच्या मुठीला धरून दोन-तीनदा डावीकडे-उजवीकडे फिरव. ती वातीभोवती नीट बसली की हलकंसं टेकल्यासारखं लागतं. नव्वद टक्के वेळा धूर येतो तो ही नळी तिरकी बसल्यामुळे.

शरदकाका (बी-५०४): मग पाच ते दहा मिनिटं तिथून हलायचं नाही. जाळी खालपासून वरपर्यंत सारखी लालसर-नारिंगी व्हायला हवी. वरून पिवळ्या जिभा बाहेर आल्या तर वात जास्त, काजळी धरेल. जाळीचा खालचाच भाग लाल आणि वरचा काळा, तर वात कमी.

इथे बहुतेकांची चूक होते. ऊब जास्त झाली म्हणून वात खाली करतात. त्याने अर्धवट ज्वलन होतं, वास वाढतो आणि मोनॉक्साइडही वाढतो. वात हिटरच्या ठरलेल्या पट्ट्यातच ठेवायची. ऊब नको असेल तर सरळ बंद करा आणि खिडक्या उघडा.

मंदार (ए-४०१): कोणाचा धक्का लागून पडला तर?

शरदकाका (बी-५०४): आत एक वजन टांगलेलं असतं. हिटर हलला की ते सरकतं, स्प्रिंग सुटते आणि वात खटकन खाली जाते. हे आठवड्यातून एकदा तपासा, न पेटवता: वात वर घ्या आणि हिटरला हाताने झटका द्या. वात एका दमात खाली गेली पाहिजे. हळूहळू उतरली किंवा मधेच अडकली तर हिटर त्या दिवसापासून बंद. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: वातीवर डांबरासारखा थर जमून ती नळीला चिकटते. म्हणजे मळलेली वात नुसता वासच देत नाही, सुरक्षेचा खटकाही निकामी करते.

वैशाली (बी-१०२): मग वात साफ कशी करायची? स्टोव्हच्या वातीसारखी कात्रीने?

नीलिमाताई (सी-३०६): नाही गं. स्टोव्हची वात सुती असते, तिचं काळं टोक कापतात. या हिटरच्या वातीचं वरचं टोक काचतंतूचं आहे, ते कापायचं नाही, कोरडं जाळायचं. सुती वात मात्र कोरडी जाळली तर संपूनच जाते, हे उलटं करू नकोस.

पद्धत: हिटर गच्चीवर न्यायचा, गार असतानाच. टाकी काढून बाजूला ठेवायची. वात पूर्ण वर घेऊन पेटवायची आणि ज्योत आपोआप विझेपर्यंत जळू द्यायची. खूप वास येतो, म्हणून हॉलमध्ये नको. विझल्यावर तशीच वर ठेवून काडीने आणखी एक-दोनदा पेटवून बघायची. पूर्ण गार झाली की जुन्या टूथब्रशने राख झटकायची. टोक पांढरट-करडं आणि बोटाला मऊ लागलं म्हणजे साफ. कडक, चकचकीत काळे ठिपके राहिले तर पुन्हा एकदा. रोज वापर असेल तर आठवड्यातून एकदा. लिव्हर जड लागायला लागला की त्याआधीच.

इरफान (ए-७०३): भडका उडाला तर काय, हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत हवं. बंद करायचा खटका दाबा, हिटरला हात लावून उचलू नका. पेटता हिटर बाहेर न्यायला निघालेल्याच्या अंगावर रॉकेल सांडतं. पाणी टाकू नका, रॉकेल पाण्यावर तरंगतं आणि आग फरशीभर पसरते. क्लबहाउसच्या दाराशी आग विझवायचं एबीसी पावडरचं सिलिंडर आहे: पिन ओढा, सहा फुटांवरून ज्वाळेच्या बुडाशी मारा. त्याचा काटा हिरव्यात आहे का ते मी उद्या बघतो. लाल बादल्यांमधली वाळूही चालते, फक्त त्यातल्या पानाच्या पिचकाऱ्या आणि कप काढून कोरडी वाळू भरून घ्या. विझलं नाही तर सगळे बाहेर आणि १०१.

अविनाश (ए-२०२, सेक्रेटरी): मोनॉक्साइडचा अलार्म लावू का हॉलमध्ये?

इरफान (ए-७०३): जरूर लावा, श्वासाच्या उंचीला, खिडकीपासून लांब. पण तो कसा वाजतो ते समजून घ्या. ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत मोनॉक्साइडचे ५० भाग) तास-दीड तासाने वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत, ३०० ला ३ मिनिटांच्या आत. आणि प्राणवायू कमी झाला किंवा कार्बन डायऑक्साइड वाढला तर तो गप्पच राहतो. म्हणून अलार्म असला तरी खिडक्या उघड्याच.

अविनाश (ए-२०२, सेक्रेटरी): ठरलं तर. केबिनला रेडिएटर आणि १६ अँपिअरची लाइन, इलेक्ट्रिशियनला उद्या सकाळी नऊला बोलावलंय. तोपर्यंत आज रात्री पोरांना दोन जादा रजया आणि थर्मासमध्ये चहा, माझ्याकडून. हिटर क्लबहाउसला, वैशाली आणि नीलिमाताई बघतील. ते जुनं निळं रॉकेल चेंबरमध्ये ओतू का?

शरदकाका (बी-५०४): चेंबरमध्ये नको, ड्रेनेजमध्ये वाफ साठते. रंगाऱ्याला ब्रश धुवायला दे, गेटच्या गंजलेल्या बिजागऱ्यांनाही थोडं लागेल. आणि फेब्रुवारीत हिटर ठेवून देताना टाकी आणि तिच्याखालचं, रॉकेल उतरतं ते ताटही पंपाने पूर्ण रिकामं करा, वात एकदा कोरडी जाळा, सेल काढा. टाकीत रॉकेल ठेवून बंद केला तर पुढच्या डिसेंबरात वात चिकटलेली मिळेल.