पिनांवरचं सोनं: आम्लराजात की विजेवर?

सातपूरकर: जुन्या कॉम्प्युटरांच्या सोनेरी मुलाम्याच्या पिनांमधून सोनं काढणाऱ्या छोट्या युनिटने आम्लराजाचा, म्हणजे नायट्रिक-हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणाचा, नाद सोडावा. तो आधी तांबं-निकेलच खात बसतो. चिमूटभर सोन्यापायी ड्रमभर हिरवं पाणी पदरात, आणि ते काय नासर्डी नदीत ओतणार? त्यापेक्षा विजेने मुलामा उतरवणारा सेल लावा. ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक ॲसिड, ऋण टोकाला शिशाची पट्टी, धन टोकाला तांब्याच्या जाळीची टोपली, तीत पिना, ६ ते १२ व्होल्ट. सोन्याची काळी भुकटी तळाला बसते. मुलामा संपला की अँपिअरचा काटा खाली येतो, कारण तीव्र ॲसिडात उघडं तांबं फारसं विरघळत नाही.

झारेकरी (सराफांकडची माती धुऊन सोनं काढणारा): काटा खाली येतो तो उन्हाळ्यात! सल्फ्युरिक हवेतली ओल ओढतं. नाशिकच्या श्रावणात भांडं उघडं राहिलं की ॲसिड पातळ होतं, मग टोपलीसकट तांबं विरघळत राहतं आणि काटा हलत नाही. शिवाय जी पिन जाळीला टेकली नाही, ती तशीच सोनेरी बाहेर येते. चिपच्या काळ्या राळेतल्या तारांना तर वीज पोचतच नाही.

सातपूरकर: चिपचं बोलतंय कोण? झाकण ठेवा, टोपली हलवत राहा, ॲसिड तापलं की वीज बंद. निवलं की वरचं नितळ ॲसिड पुन्हा वापरायला काढा आणि गाळ पाण्यात ओता. उलट, म्हणजे ॲसिडात पाणी ओतलंत, तर उसळून तोंडावर येईल.

झारेकरी: आणि ती भुकटी थेट मुशीत? तिच्यात शिशाचं सल्फेट असतं. शिसं राहिलं तर सोनं ठिसूळ होतं, पट्टी ओढताना फुटतं. म्हणजे शेवटी आम्लराज आलंच, वर सोडियम मेटाबायसल्फाइटची पूड टाकून विरघळलेलं सोनं पुन्हा तळाला पाडणंही.

सातपूरकर: आलंच, पण काही ग्रॅम भुकटीवर, किलोभर तांब्यावर नाही. माझा मुद्दा तोच. फक्त जास्तीचं नायट्रिक आधी घालवा, नाहीतर पडलेलं सोनं पुन्हा विरघळतं.

अंबडची लॅब: दोघेही हिशेब विसरलात. कॉम्प्युटरच्या कार्डाच्या कडेच्या सोनेरी पट्टीवर मुलामा चांगला जाड म्हणजे ०.७५ मायक्रॉन, चौरस सेंटिमीटरला जेमतेम दीड मिलिग्रॅम सोनं. आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार रिसायकलरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. त्या खर्चाला पुरतील एवढ्या पिना महिन्याला येतात का, ते आधी मोजा.

झारेकरी: सराफ बाजारातल्या गटाराची माती त्यापेक्षा बरी म्हणायची.