सिबेलियसचा हंस : कथा वाचून ऐकावा की न वाचता?

रानवारा :
फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याची ‘तुओनेलाचा हंस’ ही वाद्यवृंदाची रचना बहुतेक जण कथेशिवायच ऐकतात. माझं मत ठाम आहे, आधी ‘कालेवाला’ वाचा. एलियास लोनरोटने गावोगावच्या लोकगीतांतून जुळवलेलं हे महाकाव्य १८३५ साली आलं, १८४९ मध्ये वाढून ५० सर्गांचं झालं. त्यातला लेम्मिन्कायनेन लग्नाची अट म्हणून तुओनेलाच्या, म्हणजे मृत्युलोकाच्या, नदीवरचा हंस मारायला जातो आणि स्वतःच मारला जातो. देहाचे तुकडे काळ्या पाण्यात. त्याची आई दाताळ्याने नदी विंचरते, एकेक तुकडा काढून सांधते, मधमाशीने आणलेलं मलम लावून लेकाला उठवते. हे ठाऊक नसेल तर कोर आंग्ले या फुंकवाद्याचा तो एकटा सूर नुसता ‘उदास’ वाटून जातो.

सारंगी :
अजिबात पटलं नाही. मारवा ऐकताना आपण गोष्ट विचारतो का? मी हे प्रथम ऐकलं तेव्हा नावही माहीत नव्हतं. म्यूट लावलेली तंतुवाद्यं बारीक गटांत वाटलेली, एकच मायनर स्वरमेळ खालून वर चढत विरतो आणि त्यावर कोर आंग्ले, म्हणजे ओबोची खालच्या सुरातली थोरली बहीण. बासरी नाही, ट्रंपेट नाही. वाद्यवृंदातला उजेडच काढून घेतलाय. हे कानाला आपसूक कळतं. शिवाय ही रचना मुळात लेम्मिन्कायनेनची नव्हेच! नौकाबांधणीवरच्या एका ऑपेराची ती नांदी होती. ऑपेरा बारगळला, नांदी लेम्मिन्कायनेनवरच्या चार भागांच्या रचनेत आली. नायक बदलला तरी सुरांचं काही अडलं नाही.

रानवारा :
नायक बदलला, नदी तीच राहिली. नौका बांधताना अडलेले मंत्र शोधायला त्या ऑपेराचा नायक, कालेवालातलाच वायनामोयनेनही तुओनेलालाच जातो. आणि छापील स्वरलिपीच्या सुरुवातीलाच टीप होती : काळ्या पाण्याची वेगवान नदी, तिच्यावर गात जाणारा हंस. कथा नको होती तर ती टीप कशाला?

पाणकणीस :
कथा वाचाच, पण मग चारही भाग ऐका. १८९६ साली हेलसिंकीत ते एकत्र वाजले. त्यातले दोन सिबेलियसने १८९७ नंतर बाजूला ठेवले, ते थेट १९३५ मध्ये पुन्हा ऐकू आले. तोवर जगाने हंस सुटाच ऐकला. रानवारा, तुमची आई आणि तिचं दाताळं या भागात नाहीच. ‘लेम्मिन्कायनेन तुओनेलात’ या भागातल्या अंगाईसारख्या मऊ सुरांत तिला शोधा.

सारंगी :
हेच मी म्हणतेय. हंसाच्या गळ्यात आईचं दुःख बांधू नका. कोण मेलं, कोण रडतंय, त्याला काही नाही. बाण त्याला लागतच नाही, म्हणून तो सूर इतका अलिप्त आहे.

रानवारा :
आईबद्दल चुकलो, मान्य. पण बाण लागत नाही, हे तुम्हाला कोर आंग्लेने सांगितलं की कालेवालाने?