'ड्रग रेझिस्टन्स'ला काय म्हणावं?

प्रश्न : नागपुरातल्या एआरटी (एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या) केंद्रात वाटायचं माहितीपत्रक आहे. 'एचआयव्ही ड्रग रेझिस्टन्स'साठी मसुद्यात 'औषध-प्रतिकारशक्ती' असं आलंय. चालेल का?

– नको, कृपया बदला. 'प्रतिकारशक्ती' म्हटलं की लोकांना सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या रक्तातल्या संरक्षक पेशी) आठवतात. ती वाढली असं वाचून रुग्ण खूशच होईल. 'विषाणूचा औषधरोध' लिहा. मेडिकल-मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत कळेल असं 'गोळी लागू पडत नाही' हेही शेजारी द्या.

– 'शरीराला गोळीची सवय झाली' हे वाक्यही गाळा. बदलतो तो विषाणू, शरीर नव्हे. म्हणून तर कधीच गोळी न घेतलेल्याला थेट औषधरोधी विषाणूचीच लागण होऊ शकते.

प्रश्न : 'गोळ्या चुकवल्या की म्युटेशन होतं' असं लिहिलं तर? 'उत्परिवर्तन' फार जड वाटतं.

– 'म्युटेशन' राहू द्या, वाक्य मात्र चुकीचं आहे. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विषाणूचं एन्झाइम आरएनएवरून डीएनए उतरवतं आणि झालेली चूक तपासत नाही. त्यामुळे विषाणू वाढत असला की म्युटेशन होतच राहतं, गोळी चुको न चुको. चुकली की रक्तातलं औषध उतरतं, विषाणू वाढायला लागतो आणि उरलेल्या थोड्या औषधाला जो दाद देत नाही तोच पुढे जातो. इथे 'निवड' हा शब्द हवाच.

उदाहरण एम१८४व्ही या म्युटेशनचं द्या. याच एन्झाइमच्या १८४व्या जागी मेथिओनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. आरएनएच्या अक्षरांत एयूजीचं जीयूजी, म्हणजे एकच अक्षर बदललं. पण व्हॅलिनची फांदी लॅमिव्ह्युडिन या औषधाला आडवी येते आणि ते एन्झाइममध्ये नीट बसत नाही. टीएलडी (टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्राव्हिर) या एकत्रित गोळीतलं 'एल' ते हेच, ३०० मिलिग्रॅम.

– 'नियमित घ्या' एवढ्यावर थांबू नका. त्याच गोळीतलं डोल्युटेग्राव्हिर अँटासिडसोबत घेतलं तर कमी शोषलं जातं. अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर, असं स्पष्ट लिहा.

प्रश्न : 'वाइल्ड टाइप' म्हणजे जंगली विषाणू?

– 'मूळ विषाणू' म्हणा. एम१८४व्हीवाला विषाणू त्याच्यापेक्षा हळू वाढतो. गोळ्या बंद करून काही आठवड्यांनी जीनोटाइप तपासणी (विषाणूत कोणती म्युटेशन आहेत ते पाहणारी) केली, तर तोवर मूळ विषाणू वरचढ झालेला असतो आणि रिपोर्ट स्वच्छ दिसू शकतो. औषधरोधी विषाणू मात्र पेशींत दडून राहतो, लॅमिव्ह्युडिन सुरू केलं की पुन्हा वर येतो. तेव्हा या तपासणीसाठी रक्त गोळ्या चालू असतानाच द्यायचं, हे ठळक अक्षरांत छापा.